अश्वक आणि चेतक

हेलिकॉप्टरची प्रतिकृती जोडण्याचा प्लॅस्टिकचा संच हा वरकरणी फावल्या वेळचा छंद असला, तरी भारतीय तत्त्वचिंतनातील एका जुन्या वादाला इतके सुटसुटीत उदाहरण दुसरे मिळणे कठीण आहे. अवयव एकत्र आल्यावर जी वस्तू दिसते ती अवयवांहून निराळी असते की ते केवळ सोयीपुरते दिलेले नाव असते, असा तो वाद. छत्रपती संभाजीनगरातील नागसेनवनात, या वादाची आठवण नावातच वागवणारे एक महाविद्यालय आहे, डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी १९५० मध्ये सुरू केलेल्या या महाविद्यालयाला 'मिलिंद' हे नाव मिळाले ते भिक्खू नागसेनाशी चर्चा करणाऱ्या यवन राजावरून. 'मिलिंदपञ्ह' या पाली ग्रंथात नागसेन राजाला विचारतो की आपण ज्या रथातून आलात तो रथ म्हणजे त्याचा आस, चाके की जू. आणि यांपैकी एकही रथ नव्हे, यांच्या आधाराने 'रथ' हा व्यवहार, म्हणजे बोलण्यातला संकेत, चालतो, असे राजाला कबूल करावे लागते.

रथाच्या जागी आता आलुएत-३ हे लहान फ्रेंच हेलिकॉप्टर ठेवावे, ज्याला हिंदुस्थान एरोनॉटिक्सने परवान्यावर बांधताना महाराणा प्रतापांच्या घोड्याचे 'चेतक' हे नाव दिले. त्याच्या १/७२ प्रमाणातील संचात, म्हणजे ११ मीटर व्यासाचा पंखा जिथे जेमतेम १५ सेंटिमीटरांत मावतो तिथे, पाती, आसने, चाके आणि धडाचे दोन उभे अर्धे भाग प्लॅस्टिकच्या काड्यांच्या चौकटीला लगडलेले असतात. राशीत उणे काहीच नसते, तरी हेलिकॉप्टर नसते. आणि नाव मात्र खोक्यावर आधीच छापलेले असते, ही गोष्ट नागसेनाच्या युक्तिवादाला थोडी अडचणीची आहे, कारण येथे संकेत जोडणीनंतर येत नाही, तोच जोडणीला वाट दाखवतो.

वैशेषिक दर्शन बौद्धांच्या उलट 'अवयवी', म्हणजे अवयवांहून वेगळी अशी अखंड वस्तू, मानते. हे मतही संचावर ताडून पाहता येते. जोडणीत वापरले जाणारे सिमेंट पाण्यासारखे पातळ द्रावक असते. ब्रशच्या टोकाने ते फटीला टेकवले की दोन्ही कडा विरघळून एकमेकींत मुरतात, आणि द्रावक उडून गेल्यावर मध्ये तिसरा पदार्थ उरत नाही. पंख्याचा दांडा मात्र तो फिरावा म्हणून मुद्दाम कोरडाच बसवतात. पहिल्याला समवाय, म्हणजे न तुटणारा संबंध, आणि दुसऱ्याला संयोग, म्हणजे सुटणारा संबंध, म्हणण्याचा मोह होतो, पण तो आवरावा. अवयव एकमेकांना कितीही घट्ट जडले तरी तो संयोगच, समवाय असतो तो वस्त्राचा धाग्यांशी, म्हणजे अवयवीचा अवयवांशी.

जोडून झालेली वस्तू हेलिकॉप्टर आहे का, हा प्रश्न तरीही उरतोच. खऱ्या चेतकाचे उड्डाणाचे कमाल वजन २,२०० किलो. लांबी ७२ पटींनी घटली की घनफळ ३,७३,२४८ पटींनी घटते, तेव्हा वजनातही इमान राखायचे तर प्रतिकृती ६ ग्रॅमच्या आत बसायला हवी, आणि ओतीव प्लॅस्टिकला ते जमत नाही. रंगाचेही तसेच. मूळ रंग जसाच्या तसा लावला तर एवढ्या लहान आकारावर तो गडद वाटतो, म्हणून जाणकार त्यात थोडा पांढरा मिसळतात. सारखेपणा डोळ्यापुरता साधला जातो, आणि त्यासाठीही मुळाशी थोडी लबाडी करावी लागते.

पाणिनीने हा पेच व्याकरणात पकडला होता. घोड्याच्या प्रतिकृतीला 'क' प्रत्यय लागून 'अश्वक' म्हणावे, असे त्याची अष्टाध्यायी सांगते. पण जी प्रतिमा उपजीविकेसाठी असून विक्रीसाठी नसते तिचा 'क' गळतो, म्हणून शिवाच्या मूर्तीला 'शिव'च म्हणतात. सोन्याच्या लोभाने मौर्यांनी प्रतिमा घडवल्या, त्यांना ही सवलत लागू नाही, अशी टीप पतंजलीने जोडली आहे. बदनापूरसारख्या तालुक्याच्या गावी श्रावणी अमावस्येला, पोळ्याच्या दिवशी, दावणीला जनावर नसलेल्या घरातही कुंभाराकडून आणलेली मातीची जोडी पाटावर मांडून तिला पुरणपोळीचा नैवेद्य दाखवतात, आणि बाजारातून उंबऱ्याच्या आत येताना तिचा 'क' गळून पडतो. तिला कोणी प्रतिकृती म्हणत नाही, बैलच म्हणतात. उपजीविका या शब्दाचा पाणिनीला अभिप्रेत अर्थ पुजाऱ्याच्या पोटापाण्याचा होता हे खरे, पण शेतकऱ्याच्या घरात तो जास्तच चपखल बसतो.

फडताळावरचा चेतक विकाऊ नसतो, मात्र त्याच्यावर कोणाचे पोटही चालत नाही, म्हणून नियमाची एकच अट पुरी होते आणि 'क' कायम राहतो. याचा पडताळा मोडतोडीत मिळतो. खंडित मूर्ती पूजेत ठेवू नये, विसर्जित करावी, असा संकेत आहे, कारण भाग तुटला की अवयवीच गेला असे तेथे मानले जाते. चेतकाचे पाते मोडले तर तो तुकडा काडेपेटीत जपून ठेवला जातो, आणि सवड मिळाली की द्रावकाची बाटली पुन्हा उघडली जाते.