मापाची साक्ष

चैत्राच्या पहाटे भंडारा जिल्ह्यातील दिघोरीच्या परिसरात मोहाखाली फुलांचा सडा पडतो. उजाडण्यापूर्वीच बायकामुले टोपल्या घेऊन ती वेचू लागतात. वाळवून ठेवलेली मोहफुले भाजून, उकडून खाल्ली जातात, गुरांनाही घातली जातात. तीच भिजवून, आंबवून भट्टीवर चढवली की त्यांची दारू होते. एकाच फुलात अन्न आहे आणि नशाही. निवड माणसाच्या हाती आहे.

घरी गाळलेल्या दारूचा कस पाहण्याची रीत सर्वत्र जवळपास सारखीच. चमच्यात थोडी घ्यावी, काडी लावावी; निळी ज्योत उठली की माल चोख. माझे मामा घरच्या प्रत्येक लग्नकार्यात ही परीक्षा घेत. ज्योत पेटली की ते समाधानाने मान डोलावत, आणि आम्हा मुलांना वाटे, आता कसली काळजी नाही.

पुढे कळले की हा साक्षीदार फितूर आहे. शेकडा 40 मद्यार्काची दारू सुमारे 26 अंश सेल्सिअसला पेट घेण्याजोगी वाफ देते, तर शेकडा 20 ची दारू सुमारे 36 अंशांना. म्हणजे थंडीत न पेटणारी पाणीदार दारू विदर्भाच्या मे महिन्यात सहज पेटेल. साक्ष दारूची नव्हे, उन्हाची असते.

म्हणून शास्त्राने काचेची नळी दिली. मद्यार्क पाण्याहून हलका असल्याने दारू जितकी कडक, तितकी नळी खोल बुडते. फ्रेंच शास्त्रज्ञ गे-ल्युसाक यांनी 1824 साली शेकडेवारीत वाचता येईल असे मद्यार्कमापक सिद्ध केले. गोव्यात उर्राक व फेणीचा कस अशाच नळीने 'ग्राव'मध्ये मोजण्याची परंपरा आहे. आपल्याकडील बाटल्यांवरचा 42.8 हा आकडाही जुन्या इंग्रजी 'प्रूफ'चा वंशज आहे: 57.1 टक्के म्हणजे पूर्ण प्रूफ, आणि त्याचे तीन चतुर्थांश म्हणजे 42.8. परंतु नळीलाही मर्यादा आहेत. ती ठरावीक तापमानासाठी आखलेली असते. दारू 20 अंशांनी अधिक तापलेली असेल तर आकडा सुमारे 6 टक्क्यांनी फुगतो. उलट, दारूत साखर विरघळलेली असेल तर तो खऱ्याहून कमी दिसतो.

याहून गंभीर गोष्ट वेगळीच आहे. मिथेनॉल या विषाची घनता पिण्याच्या मद्यार्काच्या घनतेइतकीच आहे, आणि तेही निळ्याच ज्योतीने जळते. नळी व काडी, दोघींनाही विष आणि दारू यांतला भेद कळत नाही. जून 2015 मध्ये मुंबईत मालवणी येथे मिथेनॉलमिश्रित दारूने शंभराहून अधिक माणसे मेली. त्यांत बहुतेक मोलमजुरी करणारी होती. त्यांच्यापैकी कोणी जरी मापक बुडवून पाहिला असता, तरी आकडा निर्धास्त करणाराच दिसला असता.

मग मोजायचेच कशाला, असे कोणी विचारील. माझे उत्तर असे, की माप हे पिणाऱ्याचे ऋण आहे. जो दुसऱ्याच्या पेल्यात काही ओततो, त्याने त्यात काय आहे व किती आहे हे जाणून घेतले पाहिजे आणि सांगितलेही पाहिजे. खोटा तराजू हे पाप असेल, तर न मोजलेला पेलाही त्याच जातीचा आहे. 1949 च्या दारूबंदी कायद्यानुसार महाराष्ट्रात परवान्याशिवाय दारू गाळणे गुन्हा आहे. तरी भट्ट्या पेटतातच, पण अंधारात. आणि अंधारात माप टिकत नाही. चोरून केलेल्या मालाची खोट ग्राहकाने कोणाकडे दाखवावी? कायदा मोडणाऱ्याला या निमित्ताने मी निर्दोष ठरवीत नाही. एवढेच म्हणतो, की गुप्तता ही खोट्या मापाची सख्खी बहीण आहे.

पण खरे माप मिळाले म्हणून प्रश्न संपत नाही. शेकडा 42.8 च्या 30 मिलिलिटरमध्ये सुमारे 10 ग्रॅम मद्यार्क असतो. हे गणित कोणालाही जमेल. ते 10 ग्रॅम कोणाच्या पोटात, कोणत्या घरात, कितव्यांदा जात आहेत, हे नळीवर कोरलेले नसते. तिचा आकडा द्रवाविषयी बोलतो, माणसाविषयी मौन पाळतो. काना गावच्या लग्नातील द्राक्षारस आठवणारे आपण मद्यालाच पाप म्हणू शकत नाही. म्हणूनच आपल्यावरची जबाबदारी वाढते. सरसकट नकार सोपा असतो. मर्यादा रोज नव्याने ठरवावी लागते, आणि ती ठरवताना आपण स्वतःशीच लबाडी करण्याचा संभव फार असतो.

मामांनी शेकडो वेळा दारूची परीक्षा घेतली. त्यांची दारू नेहमी चोख ठरली. यकृत निकामी होऊन ते गेले, तेव्हा ते साठीलाही पोहोचले नव्हते. मामींनी कधी ज्योत पाहिली नाही की नळी हातात धरली नाही. पण पगाराच्या दिवशी संध्याकाळी दिव्याखाली बसून त्या पाकिटातले उरलेले पैसे दोनदा मोजत. आमच्या घरात अचूक माप तेवढे एकच होते, आणि ते पाहायला आम्ही कोणी थांबलो नाही.