दाढ कुणाची दुखते?

बेंगळुरूच्या दवाखान्यात खुर्ची मागे कलली, वरचा दिवा डोळ्यांवर आला की डॉक्टरांचा पहिला प्रश्न ठरलेला असतो: ‘नोवु इदेया?’ दुखतंय का? समोरचा माणूस गोंधळलेला दिसला की तेच हिंदीत, ‘दर्द है?’. तमिळ माणसासाठी ‘वली’, तेलुगू माणसासाठी ‘नोप्पी’. या शहरात दातांचा दवाखाना चालवायचा तर दुखण्याचे चार-पाच शब्द जिभेवर हवेतच. पंचाईत होते ती मराठी माणसाची, आणि तीही शब्द जास्त असल्यामुळे. त्याची दाढ ठणकते, सणकते, शिवशिवते, आंबते. तिच्यातून कळ जाते, चमक निघते, सल राहतो. एवढा ऐवज ‘थोडा दर्द है’मध्ये बसवताना त्याला आपण काहीतरी लपवतोय असंच वाटत राहतं.

हे शब्द शोभेचे नाहीत. थंड पाण्याने सणक आली आणि पाणी गिळताच गेली, तर दाताच्या आतला गर बहुधा अजून सावरण्याजोगा असतो. कीड कोरून भरलं की भागतं. पण तीच कळ पाणी गेल्यावरही रेंगाळली, रात्री आडवं पडल्यावर ठणका चढला, काही न खाता-पिता आपसूक कळा येऊ लागल्या, तर गर गेल्यात जमा. मग रूट कॅनाल. सणक आणि ठणका यांच्यामधली रेघ ही निदानाची रेघ आहे. माँट्रियलच्या मॅकगिल विद्यापीठातले रोनाल्ड मेलझॅक यांनी १९७५ मध्ये वेदनेची जी प्रश्नावली प्रसिद्ध केली, तिच्यात वेदनेची ७८ विशेषणं २० गटांत लावली होती. घरातल्या आजीला ती वाचून दाखवली असती तर तिने आणखी पाच-सहा सुचवली असती.

दातदुखीने तत्त्वज्ञांनाही बराच काळ गुंतवून ठेवलं आहे. पास्कलची गोष्ट प्रसिद्ध आहे. १६५८ मध्ये एका रात्री दात इतका दुखत होता की त्यावरून मन काढण्यासाठी तो चक्रजाच्या गणिताकडे, म्हणजे चालत्या चाकावरचा एक बिंदू हवेत जी वाट काढतो तिच्या गणिताकडे वळला. मात्र खरा गुंता विटगेनस्टाइनने केला. १९३३-३४ मध्ये केंब्रिजच्या विद्यार्थ्यांना त्याने सांगितलेल्या टिपणांत, निळ्या वेष्टणामुळे ज्यांना ‘ब्लू बुक’ म्हणतात त्यांत, दातदुखी पुन्हा पुन्हा येते. दुसऱ्याच्या दातात मला वेदना होऊ शकेल का? आणि दात किडला आहे पण दुखत नाही, तर ‘जिची मला जाणीव नाही अशी दातदुखी मला आहे’ असं म्हणता येईल का?

हा दुसरा प्रश्न वाचताना शब्दांचा खेळ वाटतो. दवाखान्यात तो रोज येतो.

त्याआधी मराठी व्याकरणाचं एक. ‘माझी दाढ दुखते’ या वाक्याचा कर्ता दाढ आहे, मी नाही. मी तिथे फक्त मालक. फार तर ‘मला दुखतंय’ म्हणतो, तेव्हाही मी चतुर्थीत बसतो: दुखणं करणारा नव्हे, दुखणं ज्याच्याकडे येतं तो. कन्नडातही ‘ननगे’, म्हणजे मलाच. नैयायिकांनी हा हिशेब उलटा मांडला. त्यांच्या मते सुख आणि दुःख हे आत्म्याचे गुण. मनाला ते थेट कळतात, आणि शरीर ही केवळ भोगाची जागा. म्हणजे दाढ दुखत नाही. दाढ हा दुःखाचा पत्ता आहे.

आणि तो पत्ता चुकतो. आतला गर सुजलेला असतो तेव्हा कोणती दाढ दुखते हे माणसाला पुष्कळदा सांगताच येत नाही. खालची दुखत असते, तो वरची दाखवतो. काही जण कानाच्या डॉक्टरांकडे जाऊन येतात. गरातल्या नसा दुखण्याची बातमी देतात, ठिकाण नीट सांगत नाहीत. संसर्ग मुळाच्या टोकाबाहेर पडून दात हाडाशी बांधणाऱ्या तंतूंपर्यंत पोचला, की मग मात्र ‘हीच’ म्हणून बोट ठेवता येतं. वेदना आहे याबद्दल माणसाची चूक होऊ शकत नाही, असं तत्त्वज्ञ फार पूर्वीपासून सांगत आले. ती कुठे आहे याबद्दल तो खुशाल चुकतो, याचा पुरावा दातांचे डॉक्टर देतात. म्हणून तर ते रुग्णाच्या शब्दावर न थांबता एकेका दातावर गार कापसाचा बोळा लावतात, आरशाच्या दांड्याने टकटक करतात, एक्स-रे काढतात.

आता सुई. बधिर करण्याचं औषध म्हणजे लिग्नोकेन. स्वीडनमध्ये निल्स लोफग्रेनने ते १९४३ मध्ये तयार केलं. त्यात बहुतेकदा थोडं अॅड्रेनलिन असतं, औषध जागेवर टिकावं म्हणून. त्यामुळे काही जणांची छाती मिनिट-दोन मिनिटं धडधडते आणि माणसाला वाटतं, आपण घाबरलो. मानसशास्त्रज्ञ विल्यम जेम्सने १८८४ मध्ये नेमकं हेच विचारलं होतं: भीतीमुळे छाती धडधडते, की धडधड जाणवली म्हणून आपण तिला भीती म्हणतो? धडधड औषधाची आहे हे आधी सांगून टाकणारे डॉक्टर रुग्णाचं अर्धं काम हलकं करतात.

थोड्या वेळात ओठ जड होतो. मग दातावर रबराचा पातळ पडदा लागतो, लाळ आत जाऊ नये आणि औषध घशात उतरू नये म्हणून. तोंड असं बांधलं गेल्यावर बोलणं संपतं. डॉक्टर म्हणतात, दुखलं तर डावा हात वर करा.

सातव्या शतकातल्या बौद्ध तत्त्वज्ञ धर्मकीर्तीने ‘सन्तानान्तरसिद्धि’ नावाचा छोटा ग्रंथ लिहिला. तो आज तिबेटी भाषांतरात टिकला आहे. सगळं चित्तच आहे असं मानणाऱ्याला दुसऱ्याचं चित्त आहे हे कसं कळावं, हा त्याचा विषय. त्याचं उत्तर साधारण असं: माझी हालचाल माझ्या इच्छेमागून होते हे मला ठाऊक आहे, तशीच हालचाल माझ्या इच्छेवाचून समोर दिसली, तर तिच्यामागे दुसरं चित्त आहे असं अनुमान करावं. वर झालेला डावा हात म्हणजे हेच अनुमान. डॉक्टरांना रुग्णाची वेदना दिसत नाही, हात दिसतो.

आणि इथे एक जुनं भांडण आहे. फार सुजलेल्या खालच्या दाढेत सुई पुष्कळदा पुरती लागू पडत नाही. सुजलेल्या भागातली आम्लता हे त्याचं एक कारण मानलं जातं. ओठ पूर्ण बधिर, तरी आतून कळ. अशा वेळी ‘सुई दिली आहे, दुखणार नाही’ हे वाक्य अनुमानाच्या विरुद्ध आहे, आणि चुकीचंही आहे. हात वर झाला तर थांबायचं, दुसऱ्या जागी सुई द्यायची, गरज पडली तर थेट गरात. रुग्णाने इथे सहनशीलता दाखवू नये. दातओठ खाऊन गप्प बसण्याचं कौतुक आपल्याकडे फार आहे. खुर्चीत त्याचा उपयोग नाही, आणि दातओठ खायला तोंड मोकळंही नसतं.

बेंगळुरूच्या गांधीनगरात, मॅजेस्टिकच्या गर्दीपासून जवळ, महाराष्ट्र मंडळ आहे आणि त्याच वस्तीत आचार्य बुद्धरक्खित यांनी १९५६ मध्ये स्थापन केलेली महाबोधी सोसायटी. पाली ‘सल्लसुत्ता’तली दोन बाणांची उपमा अशा ठिकाणी नेहमी सांगितली जाते. अजाण माणसाला बाण लागला की त्याच जागी तो दुसरा बाणही सोसतो: धास्ती, चरफड, ‘माझ्याच वाट्याला का’. जाणत्याला एकच लागतो. रूट कॅनालच्या बाबतीत दुसऱ्या बाणाचा अनुभव अनेकांना आठवडाभर आधीच येतो. शेजारच्या काकांना काय झालं, ऑफिसातल्या कुणाला किती कळा आल्या, हे ऐकत ऐकत. प्रत्यक्ष उपचार मात्र, भूल नीट लागली असेल तर, दात भरून घेण्याहून फार वेगळा लागत नाही. कंटाळा अधिक येतो, जबडा अवघडतो.

पण ही उपमा पहिला बाण नाकारत नाही, हे अनेक प्रवचनांतून निसटतं. सत्यनारायण गोयंका यांची हकिकत इथे उपयोगी आहे. जन्म मंडालेचा, १९२४ सालचा. अर्धशिशीसाठी त्यांना मॉर्फिनची इंजेक्शनं घ्यावी लागत. त्या डोकेदुखीवर इलाज म्हणून ते रंगूनला ऊ बा खिन यांच्याकडे गेले, तेव्हा केवळ डोकेदुखी घालवायला येणार असाल तर येऊ नका, असं गुरूंनी सांगितलं. १९५५ मध्ये ते वेगळ्या तयारीने शिबिराला बसले आणि पुढे विपश्यना इगतपुरीला आली. ऊ बा खिन यांचा नकार दोन्ही बाजूंनी वाचण्यासारखा आहे. ध्यान हे वेदनाशामक नव्हे. म्हणजेच वेदनाशामक घेणं हा ध्यानाचा पराभवही नव्हे.

तर रूट कॅनालच्या वेळी दाताच्या आत काय चालतं? दाताच्या माथ्याला भोक पाडून गर काढतात. खालच्या पहिल्या दाढेला बहुधा तीन किंवा चार नलिका असतात. वरच्या पहिल्या दाढेत चौथी लपून बसते आणि सापडली नाही तर पुढे त्रास देते. केसासारख्या बारीक फाइली, टोकाशी मिलिमीटरच्या शतांशांत मोजल्या जाणाऱ्या, रंगांवरून ओळखायच्या: पांढरी १५, पिवळी २०, लाल २५. मधूनमधून सोडियम हायपोक्लोराइटने धुणं. घरात फरशीला वापरतो त्या ब्लीचचाच हा भाऊबंद, म्हणून तो वास. शेवटी नलिकांत गटापर्चा भरतात. हा मलायाकडच्या झाडांचा चीक. १८७० मध्ये मुंबई समुद्राखालून एडनशी जोडली गेली, तेव्हा तारेवरचं वेष्टणही याचंच होतं. तिथे तो निरोप पाण्यात विरू नये म्हणून होता. दातात तो निरोप कायमचा बंद झाल्यावर येतो.

आता सांख्यांकडे. ईश्वरकृष्णाची ‘सांख्यकारिका’ दुःखापासूनच सुरू होते: आध्यात्मिक, आधिभौतिक, आधिदैविक. शरीरातली दुखणी यातल्या पहिल्या वर्गात मोडतात, म्हणजे दवाखान्याबाहेर गाल धरून बसलेले सगळे शास्त्रार्थाने आध्यात्मिक दुःखात असतात. पहिल्याच कारिकेत एक आक्षेप आहे: दुःखावर डोळ्यांना दिसणारे उपाय आहेत, वैद्य आहेत, औषधं आहेत, मग तत्त्वज्ञानाची उठाठेव कशाला? उत्तर: कारण ते उपाय नक्की लागू पडतील असं नाही, आणि दुःख पुन्हा येणारच नाही असंही नाही.

रूट कॅनाल या आक्षेपाच्या बाजूचा भक्कम साक्षीदार वाटतो. नसच काढली, मग दुखणार काय? पण उलटतपासणीत तो डगमगतो. उपचारानंतर दोन-चार दिवस चावताना तो दात दुखतो, कारण गर गेला तरी मुळाभोवतीचे तंतू आणि हाड जिवंत असतात. ‘मेलेला दात’ हा शब्द निम्मा खोटा आहे. साध्या वेदनाशामक गोळीने ते निभतं. सूज वाढली किंवा ताप आला तर थांबू नये. केलेले बहुसंख्य दात वर्षानुवर्षं टिकतात, काहींमध्ये संसर्ग परततो. आणि थोड्या लोकांना, एक्स-रे निर्मळ असूनही, त्या जागी वेदना राहतेच. पत्त्यावर घर नाही, तरी पत्रं येतात.

याहून चकवा देणारी गोष्ट उपचाराआधीची. ठणकणारी दाढ एके दिवशी अचानक शांत होते. माणूस लवंगेच्या तेलाला, एखाद्या गोळीला, नवसाला श्रेय देऊन भेटीची वेळ रद्द करतो. आत झालेलं असतं एवढंच की कठीण भिंतींत कोंडलेला गर सुजून सुजून मेला, आणि बातमी देणारं कुणी उरलं नाही. संसर्ग मुळाच्या टोकाशी हाड पोखरत राहतो, महिनोन्महिने, न दुखता. एक्स-रेवर काळी सावली दिसते. विटगेनस्टाइनचा प्रश्न इथे खुर्चीत येऊन बसतो. या माणसाला दातदुखी आहे की नाही? दुखणं नाही; दाताचं दुखणं मात्र आहे. मराठीत ‘दुखणं’ वेदनेलाही म्हणतात आणि आजारालाही, त्यामुळे हे वाक्य इथे विनासायास बसतं.

उपाय आणि सुख यांत गल्लत होते, असं भर्तृहरीने ‘वैराग्यशतका’त सुचवलं आहे: तहान लागली म्हणून पाणी प्यायलो, आणि व्याधीच्या उतार्‍यालाच सुख म्हणालो. टिळकांनी मंडालेच्या तुरुंगात लिहिलेल्या ‘गीतारहस्या’त ‘सुखदुःखविवेक’ हे अख्खं प्रकरण आहे, आणि सुख म्हणजे केवळ दुःखाचा अभाव हे मत त्यांना मान्य नाही. त्यांच्या लेखी सुख ही स्वतंत्र वेदना, म्हणजे जाणीव, आहे. ठणक्याच्या तीन रात्रींनंतर भूल लागून दाढ गप्प होते, त्या क्षणी मात्र टिळकांपेक्षा भर्तृहरी जास्त पटतो. दुसऱ्या दिवशी सकाळी ती गप्प दाढ लक्षातही नसते, तेव्हा टिळकांकडे परत यावं लागतं. अभाव हेच सुख असतं तर ते जरा जास्त टिकलं असतं.

मागच्या दातावर कॅप घेणं बहुधा गरजेचं असतं, कारण पोखरलेला दात चावताना चिरतो. तोवर कडक काही नको. बसवनगुडीत कार्तिकातल्या शेवटच्या सोमवारी कडलेकाई परिषे भरते, भुईमुगाच्या शेंगांची ती जत्रा. तिच्या दोन दिवस आधी तात्पुरतं सिमेंट भरून आलेल्याची गत ‘चणे आहेत तर दात नाहीत’ अशी होते.

दवाखान्यातून बाहेर पडलेला माणूस कोपऱ्यावरच्या दर्शिनीत सवयीने बाय-टू कॉफी सांगतो. सोबत आलेली बायको आपला अर्धा पेला उचलते. तो आपला पेला ओठांशी नेतो आणि थांबतो. खालचा ओठ अजून कुणा दुसऱ्याचा आहे, भाजलं तरी कळणार नाही. तो पेला खाली ठेवतो. ‘दुखतंय का?’ ती विचारते. तो सवयीने डावा हात वर करतो, मग हसून खाली घेतो, आणि कॉफी निवायची वाट बघतो.