माझ्याकडे चालतंय!

बँकेच्या काउंटरवर दोऱ्यानं बांधलेलं पेन तुम्ही पाहिलंच असेल. त्या पेनावर आजवर पुष्कळ विनोद झाले, आणि ते सगळे दोऱ्यावर आहेत. बँक लाखाचं कर्ज देते, पण पाच रुपयांच्या पेनाच्या बाबतीत माणसावर विश्वास ठेवत नाही, वगैरे. वीस वर्षं त्या काउंटरच्या आतल्या बाजूला बसून मला पडलेला प्रश्न मात्र दोऱ्याचा नाही, रिफिलचा आहे. रिफिल संपली की येणारा प्रत्येक माणूस पेन उचलतो, दोनदा झटकतो, स्लिपच्या कोपऱ्यात गोल गोल गिरवून पाहतो, आणि अत्यंत सभ्यपणे ते पुन्हा जागेवर ठेवून शेजारच्याचं पेन मागतो. "रिफिल संपली हो," असं आत सांगणारा माणूस महिन्यातून एखादा. बाकीचे काही चोर नसतात. पण मग कोण असतात?

हा प्रश्न मी वीस वर्षं इतरांविषयी विचारत होतो. गेल्या पावसाळ्यात तो माझ्याच अंगावर आला.

पूर्णेतल्या एका छोट्या वाचनालयाचा मी मानद चिटणीस आहे. मानद म्हणजे ज्यात मान कमी आणि दगदग जास्त असते ते. वाचनालयात तीन संगणक आहेत, तिन्ही देणगीतले. (देणगी म्हणजे घरात ठेववत नाही आणि टाकवतही नाही अशी वस्तू.) त्यातल्या दोघांवर विंडोज सेव्हन आणि एकावर विंडोज एक्सपी. एक्सपीला कंपनीनं एप्रिल २०१४ मध्ये रामराम ठोकला आणि सेव्हनला जानेवारी २०२० मध्ये, पण ही बातमी आम्ही यंत्रांना कळू दिलेली नाही. एक्सपीवाल्याची आतली बिल्ल्याएवढी बॅटरी संपल्यामुळे तो रोज सकाळी २००२ साली जागा होतो. वाचनालयात येणाऱ्या बऱ्याच मंडळींचं तसंच असल्यामुळे त्याला कोणी नावं ठेवत नाही.

आमची पुस्तकांची यादी फार पूर्वी कोणीतरी जुन्या मराठी फॉन्टमध्ये टाइप केलेली. तो फॉन्ट ज्या यंत्रावर नाही तिथे सगळी कादंबरी-विभागाची यादी मांत्रिकाच्या ताईतासारखी दिसते. तेव्हा पुण्याच्या भाच्यानं, म्हणजे ज्याला घरात 'कॉम्प्युटरमधलं कळतं' त्यानं, एक चिमुकला प्रोग्रॅम लिहून पाठवला. जुनी अक्षरं घालायची, नवी युनिकोड अक्षरं काढायची. पिठाची गिरणीच. फक्त त्याला चित्रं नाहीत, बटणं नाहीत. काळ्या खिडकीत हुकूम टाइप करायचा. हुकमाचं नाव 'बदल'. माझ्या टेबलावरच्या यंत्रात एक सामायिक फोल्डर करून त्यात प्रोग्रॅम ठेवला, म्हणजे तिघांनाही तोच वापरता येईल.

माझ्याकडे तो पहिल्या झटक्यात चालला. मी पेढे आणायच्या बेतात होतो.

शेजारच्या यंत्रानं मात्र सांगितलं की 'बदल' हा ना घरचा हुकूम आहे ना बाहेरचा. वस्तू डोळ्यांसमोर आणि हा म्हणतो, नाहीच! भाच्याला फोन केला. तो म्हणाला, "मामा, पाथ दिलाय का?" पाथ म्हणजे वाटांची एक यादी. हुकूम शोधताना यंत्र पायाखालचं फोल्डर बघतं, आणि मग त्या यादीतल्या गल्ल्या. बाकी गाव जळत असलं तरी वळून बघत नाही. १९८३ च्या एमएस-डॉसपासून ही चाल आहे. सरकारी कचेरीत नोकरी केलेल्या कोणालाही ती समजावून सांगावी लागू नये.

वाट दिली. तर नवीनच तक्रार : हा प्रोग्रॅम चौसष्ट बिटांचा, आणि ही यंत्रं बत्तीस बिटांची. इथे मी गडबडलो, पण आमचे गार्डकाका हसले. गार्डकाका म्हणजे रेल्वेतून निवृत्त झालेले गार्ड, वय चौऱ्याहत्तर, यादीचं काम करणारे आमचे एकमेव स्वयंसेवक. (२०२२ पासून रेल्वेनं गार्डला 'ट्रेन मॅनेजर' असं नाव दिलंय. काका म्हणतात, मॅनेजर तुमच्या बँकेत असू द्या.) ते म्हणाले, "चिटणीस, हे तर गेजचं भांडण आहे." मीटर गेज म्हणजे दोन रुळांत एक हजार मिलिमीटर, ब्रॉड गेज सोळाशे शहात्तर. आमची हैदराबाद-मनमाड लाइन नव्वदीच्या दशकापर्यंत मीटर गेज होती. मनमाडला माल एका गाडीतून काढून दुसऱ्या गाडीत भरायचा. अकोल्याकडची वाट तर २००८ साली रुंद झाली. काकांची निम्मी नोकरी अरुंद रुळांवर गेलेली. "लहान गेजवर मोठी गाडी चढत नाही. त्यात गाडीचा दोष नाही आणि रुळाचाही नाही," ते म्हणाले. भाच्यानं बत्तीस बिटांची आवृत्ती पाठवली. ती तिन्हीकडे चालली. रुंद रुळानं अरुंद गाडी सांभाळून नेणं रेल्वेला जमलं नव्हतं, ते इथे जमलं.

काका रोज चाळीस पुस्तकं बदलू लागले. एका बोटानं हुकूम द्यायचा आणि वहीत वेळ टिपायची : ५.१०, सुटली. ५.१२, पोहोचली.

आता माझा पराक्रम. माझ्या यंत्राची सी डिस्क भरत आली होती. एका संध्याकाळी मी याद्यांचं फोल्डर डीमध्ये हलवलं आणि प्रोग्रॅमच्या शेजारी जी मजकुराची सामायिक फाइल होती, यादी कुठे शोधायची हे सांगणारी, तिच्यात 'डी' लिहून टाकलं. चालवून पाहिलं. चाललं. दिवा मालवला, घरी गेलो.

माझ्या यंत्रात डी म्हणजे डिस्क. काकांच्या यंत्रात डी म्हणजे सीडी ठेवायचा ट्रे.

दुसऱ्या दिवशी काका म्हणाले, "हे म्हणतंय, डिव्हाइस इज नॉट रेडी." मी बँकेतून थकून आलो होतो. मी बसल्याजागी हुकूम देऊन पाहिला आणि म्हणालो, "माझ्याकडे चालतंय!"

शब्दन् शब्द खरा होता. म्हणूनच मला तो अजून टोचतो. खोटं बोललो असतो तर निदान खोटं बोलल्याची जाणीव तरी झाली असती. धर्मराजाचा जमिनीपासून चार बोटं वर चालणारा रथ खाली टेकला, तो सपशेल खोटं बोलल्यामुळे नव्हे. पुढच्या माणसाला जे समजणार हे माहीत होतं, ते समजू दिल्यामुळे. माझ्या वाक्यातून काकांना काय समजलं? बिघाड यंत्रात नाही, प्रोग्रॅममध्ये नाही, म्हणजे उरलं कोण?

बँकेत साधी पाचशेची नोंद जो करतो त्याला ती स्वतः पास करता येत नाही. एक मेकर, दुसरा चेकर. हे मी नवीन पोरांना शिकवतो. आणि त्या संध्याकाळी मेकर मी, चेकर मी, आणि फरक पडला तेव्हा तो टाकला काकांच्या सस्पेन्स खात्यावर.

काका यायचे बंद झाले. पाऊस आहे, गुडघे दुखत असतील, असं मी ठरवलं. आपल्या सोयीची कारणं सुचायला बी.कॉम. व्हावं लागत नाही. मग एकदा कशासाठी तरी त्यांच्या यंत्रावर बसलो, हुकूम दिला, आणि यंत्रानं मलाही नकार दिला. ट्रे उघडला तर आत सत्यनारायण कथेची सीडी.

क्षणभर काही कळेना. मग कळलं. यंत्राला डिस्क हवी आहे असं काकांना वाटलं होतं. घरात जी एकुलती एक होती ती त्यांनी आणून घातली होती. बहुधा यंत्रानं ती वाचायचाही यत्न केला असेल. यादी त्यात कशी मिळणार?

घरी गेलो तेव्हा काकू म्हणाल्या, "स्टेशनावर बसलेत बाकावर. म्हणतात, माझ्या हातून वाचनालयाचं मशीन बिघडलं, आता कोणत्या तोंडानं जाऊ?"

वाटेत मी एक बरंसं निवेदन तयार केलं. त्यात 'सेटिंग', 'नेटवर्क' आणि 'भाचा' हे शब्द होते आणि 'मी' हा शब्द नव्हता. बाकावर बसल्यावर ते काही तोंडातून निघेना. म्हटलं, "काका, मशीन मी बिघडवलं होतं. डी मी लिहिला. तुम्ही सांगितलंत तेव्हाही मी उठून बघितलं नाही."

काका बराच वेळ रुळांकडे बघत राहिले. मग त्यांनी खिशातून वही काढली. गाडी लेट झाली की मिनिटं कोणत्या खात्याच्या नावावर टाकायची, यावरून गार्डांनी आयुष्यभर भांडणं पाहिलेली असतात. सिग्नलवाले म्हणतात इंजिनवाल्यांची, इंजिनवाले म्हणतात सिग्नलवाल्यांची.

"अकरा दिवस लेट," ते म्हणाले. "कोणाच्या नावावर?"

"माझ्या."

त्यांनी लिहिलं. पेन थबकलं. मनातल्या मनात काहीतरी मोजलं, आणि अकरावर काट मारली.

"मध्ये दोन सोमवार आले. सोमवारी वाचनालय बंद असतं. नऊच लिहितो," ते म्हणाले, आणि वही माझ्यापुढे सहीला धरली.