एबलची नळी उघडण्यापूर्वी

चि. मुक्ता,

तुझं पत्र पोचलं. मानवी एबल कायनेज मागवलंय आणि ते आलं की इमॅटिनिब त्याला कितपत रोखतं ते मोजायचंय, हे वाचून फार आनंद झाला. प्रयोगाची पद्धत तुझ्या मार्गदर्शकांनी दिलीच आहे, ती मी पुन्हा सांगत बसत नाही. मला लिहायचंय ते त्या नळीत नेमकं काय असतं याबद्दल. तू काढशील तो प्रत्येक आकडा त्यावर ठरणार आहे.

एबलचं काम तुला ठाऊक आहे: एटीपीचा शेवटचा फॉस्फेट काढून दुसऱ्या प्रथिनातल्या टायरोसीनवर बसवायचा. माणसात अशी फॉस्फेट बसवणारी ५१८ कायनेज असल्याची मोजदाद २००२ साली प्रसिद्ध झाली. त्यांतलं एबल एवढं अभ्यासलं गेलं ते एका रक्ताच्या कर्करोगामुळे. १९६० मध्ये फिलाडेल्फियात नोवेल आणि हंगरफर्ड यांना अशा रुग्णांच्या पेशींत एक आखूड गुणसूत्र दिसलं. १९७३ मध्ये शिकागोच्या जॅनेट रावली यांनी दाखवलं, की ९ आणि २२ क्रमांकाच्या गुणसूत्रांचे तुकडे आपसांत बदलले गेलेत. त्या अदलाबदलीत एबलला बीसीआर नावाच्या प्रथिनाचा तुकडा जोडला जातो आणि ते सतत चालूच राहतं. इमॅटिनिब त्यालाच रोखतं. २००१ मध्ये अमेरिकेत हे औषध मंजूर झालं आणि या रोगाच्या माणसांना वर्षानुवर्षं जगता येऊ लागलं. तुझ्या प्रयोगामागे ही माणसं आहेत, म्हणून मी एवढं लांबण लावते आहे.

आता नळी. आधी बाबांना एक गोष्ट सांग. ज्या लष्करी अळीनं तुमच्या मक्याचे पोंगे पोखरले, जिची भारतात पहिली नोंद २०१८ मध्ये झाली, तिच्याच पेशींत अशी कितीतरी मानवी कायनेज तयार होतात. या अळीच्या कोषातल्या अंडाशयापासून १९७० च्या दशकात अमेरिकेत पेशी वेगळ्या काढल्या. त्यांचा वंश आजही जगभरच्या प्रयोगशाळांत २७ अंशांवर वाढतो आहे. अळ्यांना मारणारा बॅक्युलोव्हायरस स्वतःचं एक प्रथिन अफाट प्रमाणात बनवतो. त्या जनुकाच्या जागी मानवी जनुक घातलं, की विषाणू तेवढ्याच जोमानं मानवी प्रथिन बनवून देतो. टेक्सासमध्ये गेल स्मिथ आणि मॅक्स समर्स यांनी १९८३ मध्ये हे करून दाखवलं. प्रथिनाच्या टोकाला सहा हिस्टिडीनची शेपटी जोडलेली असली, तर निकेलच्या स्तंभात ते अडकतं, बाकीचं बरंचसं वाहून जातं आणि मग इमिडॅझोल घालून त्याला सोडवून घेतात.

जिवाणूंत हे काम स्वस्तात होतं, पण मानवी कायनेजची घडी तिथे बरेचदा बिघडते आणि टायरोसीन कायनेज जिवाणूला सोसतही नाहीत. बर्कलीतल्या जॉन कुरियन यांच्या गटानं २००५ मध्ये त्यावर उपाय काढला: त्याच जिवाणूत फॉस्फेट काढून टाकणारं एन्झाइमही बनवायचं.

इथेच तुझ्या कामाचा मुद्दा येतो. एबल स्वतःच्या एका लवचीक वळशावरही फॉस्फेट बसवून घेतं. कुरियन यांच्याच गटानं २००० मध्ये दाखवलं, की इमॅटिनिब एबलच्या बंद अवस्थेला, तो वळसा आत दुमडलेला असताना, घट्ट धरतं. वळशावर फॉस्फेट असला तर ती पकड सैल होते. म्हणजे एकीकडे फॉस्फेट असलेलं एबल, दुसरीकडे तो काढून टाकलेलं. दोन्ही नळ्यांवर नाव तेच, दोघांचं काम चोख, आणि आयसी-५०, म्हणजे क्रिया निम्म्यावर आणायला लागणारं औषधाचं प्रमाण, मात्र वेगळा. असे आकडे शेजारी शेजारी मांडून वाद घालणारे पुष्कळ दिसतात. तू तसं करू नकोस.

आणखी एक. अख्खं एबल साधारण ११३० अमिनो आम्लांचं आहे. नळीत बहुधा त्याचा जेमतेम पाव भाग, नुसता कायनेजचा तुकडा असतो. पेशीत एबलला आवरून धरणारे शेजारचे भाग त्यात नसतात. शिवाय इमॅटिनिब एटीपीच्याच जागी बसतं आणि पेशीत एटीपी मिलिमोलर प्रमाणात असतं. तू मायक्रोमोलर एटीपी घेऊन मोजशील तर औषध आहे त्याहून बलवान दिसेल. एटीपी किती घेतलंस हे न लिहिता आयसी-५० कुणालाही देऊ नकोस.

हाताळणीचं थोडक्यात: नळी बर्फावरच उघड, पहिल्याच दिवशी छोटे छोटे वाटे करून उणे ८० अंशांत ठेव, वितळलेला वाटा पुन्हा गोठवू नकोस. औषध घालण्याआधी काळानुसार क्रिया सरळ रेषेत वाढते का ते बघ. एक एन्झाइम नसलेली आणि एक औषधाऐवजी नुसतं डीएमएसओ घातलेली, अशा दोन नळ्या प्रत्येक वेळी हव्यातच. जमलं तर टी-३१५-आय हे बदललेलं एबलही मागव. त्यात ३१५ व्या जागी थ्रिओनीनऐवजी आयसोल्युसीन असतं, म्हणून इमॅटिनिब तिथे बसू शकत नाही. तुझ्या प्रयोगात तेही रोखलं गेलेलं दिसलं, तर औषध मोजणीच्या पद्धतीतच कुठेतरी ढवळाढवळ करतंय असं समज आणि तिथेच थांबून शोध घे.

माहितीपत्रक आलं की त्याचा फोटो मला पाठव. कोणत्या पेशींत बनवलं, तुकडा कुठून कुठपर्यंत आहे, शेपटी कोणती आणि फॉस्फेटची अवस्था काय, एवढं त्यात शोध. शेवटची गोष्ट बरेचदा लिहिलेली नसते. नसली तर लॉट नंबर देऊन कंपनीला ईमेल कर, आणि उत्तर येईपर्यंत बफर बनवून ठेव.

तुझी,
नलू आत्या