तापलेले कार्ड, उपाधी आणि मणिप्रभा

उपाय लागू पडला एवढ्यावरून कारण कळले असे म्हणता येते का, हा प्रमाणशास्त्रातील, म्हणजे यथार्थ ज्ञान कोणत्या साधनांनी होते याचा विचार करणाऱ्या शास्त्रातील, जुना वाद असून, संगणकावर खेळ चालू असताना तापून बंद पडणारे ग्राफिक्स कार्ड हे त्याचे आजचे चांगले उदाहरण ठरते. खेळ सुरू झाल्यावर काही वेळाने पंख्यांचा आवाज चढतो, तापमानाचा आकडा वर जातो, पडदा काळा होतो आणि कार्ड तापले म्हणूनच ते बंद पडले असे अनुमान वापरकर्ता करतो. न्यायदर्शनाच्या परिभाषेत येथे उष्णता हा हेतू, म्हणजे ज्यावरून अनुमान करायचे ते चिन्ह, आणि बंद पडणे हे साध्य, म्हणजे जे सिद्ध करायचे ते होय. या दोहोंत व्याप्ती, अर्थात कधीही न चुकणारे साहचर्य, असेल तरच अनुमान टिकते.

तशी व्याप्ती येथे नाही. अनेक एनव्हिडिया कार्डांत ८३ अंश सेल्सिअसच्या आसपास चिपची गती आपोआप उतरू लागते, म्हणजे तापलेले कार्ड बहुधा आधी संथ होते, लगेच बंद पडत नाही. अग्नीवरून धुराचे अनुमान करणाऱ्याला नैयायिकांनी हाच दोष दाखवला होता: लालभडक लोखंडी गोळ्यात अग्नी असतो पण धूर नसतो, कारण धुराला ओले सर्पण लागते. अशा दडलेल्या अटीला उपाधी म्हणतात. साध्य असेल तेथे ती असतेच, हेतू असेल तेथे मात्र ती असेलच असे नाही. चौदाव्या शतकात मिथिलेच्या गंगेशोपाध्यायांनी ‘तत्त्वचिंतामणी’त उपाधीची केलेली चिकित्सा अतिशय रूक्ष आहे, परंतु बिघाड शोधणाऱ्याला नेमकी तीच हाताशी हवी असते. खेळात चिपवरचा भार क्षणार्धात वाढतो, कार्ड एकदम जास्त वीज ओढते, आणि एसएमपीएस, म्हणजे संगणकाला वीज पुरवणारी पेटी, जुनी किंवा कमी क्षमतेची असेल तर व्होल्टेज घसरून यंत्र कोसळते. भार वाढल्याने उष्णताही वाढते आणि व्होल्टेजही ढळते. वापरकर्त्याच्या डोळ्यांसमोर मात्र आकडा असतो तो तापमानाचा.

उपाधीची शंका फेडण्याचा मार्ग म्हणजे अन्वय आणि व्यतिरेक, अर्थात एक असताना दुसरे असणे व एक नसताना दुसरे नसणे हे पडताळणे. येथे एक गोम आहे. सर्वाधिक सुचवला जाणारा उपाय म्हणजे कार्डाची पॉवर लिमिट, म्हणजे ते किती वीज ओढू शकते याची मर्यादा, खाली आणणे. त्याने कार्ड पुष्कळदा सुधारतेही, परंतु उष्णता आणि भार दोन्ही एकदम घटल्यामुळे दोषी कोण ते ठरत नाही. याउलट कॅबिनेटची बाजूची पट्टी काढून पंखे पूर्ण वेगाने फिरवले तर भार तोच राहून उष्णता तेवढी उतरते. तरीही पडदा काळा होत राहिला तर उष्णतेवरचा आरोप बराच ढिला पडतो.

एकच घटक हलवण्याचे मोल एएमडीच्या रेडिऑन आरएक्स ७९०० एक्सटीएक्स या कार्डाच्या प्रकरणात दिसले. डिसेंबर २०२२ मध्ये बाजारात आलेल्या या कार्डाच्या कंपनीच्या मूळ रचनेतील काही नगांत चिपवरील सर्वांत तप्त बिंदू ११० अंशांपर्यंत जाऊन गती घटत होती. अशा वेळी पहिला संशय चिप आणि शीतक यांमधील पेस्टवर किंवा शीतकाच्या बसण्यावर जातो. जर्मन ओव्हरक्लॉकर, म्हणजे चिप नेमून दिलेल्या गतीपलीकडे चालवणारे, रोमान हार्टुंग यांनी कार्ड आडवे आणि उभे धरून चाचण्या घेतल्या, तेव्हा केवळ ठेवण बदलल्याने तापमान बदलते असे आढळले. पेस्ट दोन्ही स्थितींत तीच होती. मग ठेवणीवर अवलंबून असे काय होते? अशा शीतकात व्हेपर चेंबर नावाची बंद, चपटी, पोकळ पेटी असते, जिच्यातील थोडेसे पाणी चिपच्या उष्णतेने वाफ होते आणि थंड बाजूला पुन्हा पाणी होऊन परतते. जानेवारी २०२३ मध्ये कंपनीने मान्य केले की काही पेट्यांत पाणी पुरेसे भरलेले नव्हते.

पॉवर लिमिट उतरवून निर्वेध खेळणाऱ्याला तरीही विचारता येईल की कारणाशी आपल्याला काय कर्तव्य. वात्स्यायनांनी न्यायभाष्याच्या आरंभीच प्रमाणाची सार्थकता सफल प्रवृत्तीशी, म्हणजे ज्ञानानुसार केलेली कृती फळास येण्याशी, जोडली आहे, आणि त्या कसोटीवर हा वापरकर्ता उत्तीर्ण होतो. बौद्ध आचार्य धर्मकीर्ती यांनी याहून अवघड उदाहरण दिले: एकजण मण्याची प्रभा पाहून तिलाच मणी समजून धावतो, दुसरा दिव्याची प्रभा पाहून तसाच धावतो; भ्रम दोघांनाही झाला, पण मणी पहिल्यालाच मिळतो. अनुमान वस्तूला थेट स्पर्श करत नसूनही फलदायी कसे ठरते, हे त्यांना यातून सांगायचे होते. पॉवर लिमिटवाला बहुधा पहिल्या माणसासारखा आहे, आणि तेवढ्यापुरते त्याचे यश खोटे नाही. पण ते यश त्याच मण्यापुरते आहे, ही अट धर्मकीर्तींच्या दृष्टान्तातून सहज निसटते. दोष मुळात थकलेल्या एसएमपीएसचा असेल, तर पुढे हाच मनुष्य जुन्या कार्डाला दोष देऊन अधिक वीज ओढणारे नवे कार्ड आणतो, ते बसवतो, आणि त्याचेही तापमान आधी पाहतो.