पुरेसं साधन

देवाच्या कामासाठी माणसाने किती साधन जवळ करावं? संन्याशाला या प्रश्नाचं उत्तर सोपं जातं. छाटी, दंड आणि कमंडलू एवढ्यावर त्याचं भागतं. संसारात राहून भजन करणाऱ्याला टाळ लागतात, पखवाज लागतो, पेटी लागते. मी रत्नागिरीजवळच्या एका वाडीत भजनाला पेटीवर बसतो. आमच्या मंडळाने ध्वनिमुद्रणासाठी जुना लॅपटॉप घ्यायचं ठरवलं आणि निवडीचं काम माझ्याकडे आलं. लॅपटॉपचा बाजार समजून घेता घेता हा जुना प्रश्न मला पुन्हा पहिल्यापासून सोडवावा लागला.

गरज खरी होती. आमच्या वयोवृद्ध बुवांना रूपाच्या अभंगांच्या, गौळणींच्या आणि गजरांच्या ज्या चाली येतात, त्यांतल्या कितीतरी कुठेच लिहिलेल्या नाहीत. त्या त्यांना त्यांच्या बुवांकडून मिळाल्या. आता मुलं मुंबईला असतात, गणपतीला आणि शिमग्याला येतात, तेवढ्यात कोरसमध्ये बसून चाल उचलण्याइतका सहवास घडत नाही. मोबाइलवर मुद्रण केलं की टाळ-पखवाजाखाली बुवांचे शब्द बुडतात. आवाज, पेटी, पखवाज, टाळ यांना वेगवेगळे माइक लावायचे, प्रत्येकाचा वेगळा ट्रॅक ठेवायचा, तर संगणक आणि संगीताचं सॉफ्टवेअर हवंच.

मंडळात दोन मतं पडली. तरुण म्हणाले, घ्यायचाच तर एकदाच भारीतला घ्या. जुनी माणसं म्हणाली, देव भावाचा भुकेला, त्याला कशाला यंत्र? पहिल्या मतात हौस होती आणि दुसऱ्यात श्रद्धा. तरी माझ्या मते दोन्ही बाजू साधनाचं मोल चुकीचं ठरवत होत्या.

गीतेच्या अठराव्या अध्यायात कोणत्याही कर्माची पाच कारणं सांगितली आहेत: अधिष्ठान, म्हणजे कर्माची जागा, कर्ता, निरनिराळी करणं, म्हणजे साधनं, नाना प्रकारच्या चेष्टा, आणि पाचवं दैव. या यादीत साधन आहे, पण ते पाचांतलं एक आहे. भारी यंत्र आणलं की काम झालं, असं मानणारा उरलेली चार कारणं विसरतो. भाव असला की बाकी काही लागत नाही, असं म्हणणारा तिसरं कारण खोडून टाकतो. गीता दोघांनाही तसं करू देत नाही.

आमच्या रत्नागिरीच्या इतिहासात याचं एक मोठं उदाहरण आहे. १९१० साली ब्रह्मदेशाच्या पदच्युत थिबा राजासाठी इंग्रजांनी इथे राजवाडा बांधला. रत्नागिरीत जन्मलेले लोकमान्य टिळक त्याच सालच्या हिवाळ्यात त्या राजाच्या मंडाले शहरात तुरुंगात बसून गीतारहस्य लिहीत होते. शाई-टाक वापरायची परवानगी नव्हती, म्हणून शिसपेन्सिलीने. त्या पेन्सिलीचं कौतुक आपण नेहमी करतो. पण टिळकांनी तुरुंगात शेकडो पुस्तकं जमवून घेतली होती, हे मला तितकंच महत्त्वाचं वाटतं. शाईवाचून ग्रंथ अडत नव्हता, तर ते पेन्सिलीवर भागवून मोकळे झाले. संदर्भग्रंथांवाचून तो अडला असता, तर तिथे त्यांनी वैराग्य दाखवलं नाही. कशावाचून काम अडतं आणि कशावाचून अडत नाही, हे ओळखणं म्हणजेच अपरिग्रह, असं मला वाटतं. त्याला खालची मर्यादा आहे तशी वरचीही आहे.

लॅपटॉपच्या बाबतीत या दोन्ही मर्यादा मोजता येतात. चोवीस बिट आणि ४८ किलोहर्ट्झवर मुद्रण केलं, तर एका माइकचं एका तासाचं भजन सुमारे ५२० एमबी जागा घेतं. सहा माइकांचं तीन जीबीच्या थोडं वर जातं. म्हणजे २५६ जीबीची एसएसडी आणि प्रती ठेवायला एक बाहेरची डिस्क, एवढ्यात आमचं काम मावतं. नुसतं मुद्रण करताना प्रोसेसरला फारसे कष्टही पडत नाहीत. त्यापुढची ताकद शेकडो वाद्यांचे आवाज संगणकातूनच काढणाऱ्यांना लागते. आम्हाला ती नको होती.

खालची मर्यादाही तितकीच पक्की आहे. बुवांचा आवाज आधी नोंदवून त्यावर नंतर पेटी भरायची, तर मला माझाच स्वर हेडफोनमध्ये वेळेवर ऐकू यायला हवा. सॉफ्टवेअर आवाजाचे नमुने गोळा करून पुढे पाठवतं. ४८ किलोहर्ट्झवर १२८ नमुन्यांचा बफर ठेवला तर एका टप्प्याला तीन मिलिसेकंदांहून कमी वेळ जातो, १०२४ ठेवला तर एकवीसच्या वर. हवेत आवाज तीन मिलिसेकंदांत साधारण एक मीटर जातो आणि एकवीस मिलिसेकंदांत सात मीटर. अशक्त यंत्र लहान बफर पेलत नाही, आवाज तडतडतो, म्हणून बफर वाढवावा लागतो आणि बोट आणि स्वर यांत अंतर पडतं. वाजवणारा लय धरायला धडपडतो, त्याचं चित्त शब्दांवर राहत नाही. एवढं स्वस्त यंत्र घेणं हा त्याग नव्हे. ज्या कामासाठी घेतलं, तेच त्याने बिघडतं.

म्हणून मी इंटेल कोअर आय-फाइव्हच्या आठव्या पिढीवर रेघ मारली. त्याआधीच्या पिढीत पातळ लॅपटॉपांतल्या आय-फाइव्हला दोनच कोअर असत, आठवीपासून चार आले. विंडोज ११ देखील इंटेलच्या बाबतीत, मोजके अपवाद सोडले तर, अधिकृतपणे आठव्या पिढीपासूनच चालतं, आणि विंडोज १० चा नेहमीचा आधार १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपला. थिंकपॅड टी४८०, एलिटबुक ८४० जी५, लॅटिट्यूड ५४९० ही २०१८ च्या सुमाराची ऑफिसची यंत्रं. कंपन्यांनी बदलून टाकलेले असे लॅपटॉप मुंबईत लॅमिंग्टन रोडला मिळतात. या तिन्हींत रॅमच्या दोन खाचा आहेत, म्हणजे आज आठ जीबीवर सुरुवात करून पुढे सोळा करता येते. पंचवीस हजारांच्या आत सगळं बसवायचं होतं, ते बसलं.

मुंबईत राहणाऱ्या पुतण्याला मी काय तपासायचं ते लिहून पाठवलं. विंडोजचा बॅटरी रिपोर्ट काढून मूळ क्षमता आणि आजची क्षमता ताडून पाहा. क्रिस्टलडिस्कइन्फोमध्ये एसएसडीची प्रकृती बघ. बायोसला आधीच्या कंपनीचा पासवर्ड राहिलेला नाही ना, ते पाहा. लेटन्सीमॉन चालवून ठेव, म्हणजे एखादा ड्रायव्हर आवाजाच्या आड येत असेल तर कळेल. पंख्याला कान लाव, कारण माइक तो ऐकणारच. यूएसबीच्या खाचांत गंज आहे का तेही बघ, खाऱ्या हवेत तो वाढतच जाईल. वस्तू नीट पारखून घेणं हाही मी धर्माचाच भाग मानतो. मंडळाच्या दानपेटीत पडलेला पैसा घरोघरच्या श्रद्धेचा असतो.

जुनंच का, याला पैशाखेरीज आणखी एक कारण आहे. लॅपटॉपच्या आयुष्यभराच्या कार्बनभारातला मोठा वाटा तो तयार होतानाच पृथ्वीवर पडून गेलेला असतो. कुणाचं तरी काम संपलेलं चांगलं यंत्र आणखी काही वर्षं चालवलं, तर तेवढी नवी खोदाई टळते. अहिंसेचा विचार करणाऱ्याने हेही धरावं.

खरी परीक्षा पुढे आली. एक विक्रेता पुतण्याला म्हणाला, ‘सॉफ्टवेअर सगळं टाकून देतो, क्रॅक आहे, कायम चालेल.’ मंडळात कुणी विरोध केला नाही. परदेशी कंपनीचं काय जातंय, आणि काम तर देवाचंच आहे! मला हे मान्य झालं नाही. देवाच्या कामाला अस्तेयातून सूट मिळत नाही, उलट तिथे ते जास्त कडक लागतं. शेजाऱ्याच्या परसातली फुलं न विचारता तोडून पूजा मांडली, तर वाहिलेलं आपलं काय? तुकोबांनी स्वतः दुकानदारी केली होती. धन जोडण्याला त्यांचा विरोध नव्हता, ते कोणत्या व्यवहाराने जोडलं याकडे त्यांचं लक्ष होतं. सॉफ्टवेअर लिहिणाराही कष्टकरीच आहे. तो दिसत नाही म्हणून त्याची मजुरी बुडवता येत नाही.

गरिबीची सबबही इथे टिकत नाही. ऑडॅसिटी फुकट आहे. आर्डरचा कोड खुला आहे आणि उबुंटू स्टुडिओसारख्या लिनक्समध्ये ते तयार मिळतं. रीपर साठ दिवस वापरून पाहता येतं आणि घरगुती परवाना साठ डॉलरला मिळतो. आम्ही आर्डर घेतलं. ज्यांनी ते लिहिलं त्यांनी आपण होऊन दिलं आहे. चोरीची वस्तू आणि दानाची वस्तू सारखीच दिसते, फरक देणाऱ्याच्या इच्छेचा असतो. त्या इच्छेचा मान ठेवला, की वापरणाऱ्याचं मनही स्वच्छ राहतं.

यंत्र आलं, पण ते भजनाला बाधेल अशी शंका काहींना राहिली. मी त्यांना पेटीचा इतिहास सांगितला. हार्मोनियम हे मूळचं युरोपातलं वाद्य. तिच्यावर मींड येत नाही, श्रुती निघत नाहीत, म्हणून १९४० साली आकाशवाणीने तिला बंदी केली आणि ती तीन दशकं टिकली. त्या काळातही आमच्या देवळांत पेटी वाजतच होती. परक्या वाद्याला भक्तीने आपलंसं केलं. पण आक्षेप घेणाऱ्यांचं म्हणणं खोटं नव्हतं. प्रत्येक साधन आपला स्वभाव कामावर लादतं, आणि तो ओळखून त्याला आवर घालावा लागतो.

संगीताच्या सॉफ्टवेअरचा स्वभाव सगळं समान आखणीत बसवण्याचा आहे. त्याला ठरलेली लय हवी असते, स्वर ठरलेल्या जागी हवा असतो. आमचा गजर ठाय लयीत उठतो आणि चढत चढत द्रुतात जातो. त्यामागे लय मोजणारी क्लिक लावली तर त्याचा प्राण जाईल. म्हणून मी मंडळापुढे नियम ठेवला: क्लिक लावायची नाही आणि बुवांचा स्वर सॉफ्टवेअरने सरकवायचा नाही. गुणगुण काढणं, आवाजांचा तोल राखणं ही साफसफाई झाली. स्वर बदलणं म्हणजे साक्ष बदलणं. नवी रचना करणाऱ्याने यंत्राशी हवं ते करावं, तिथे कर्ता तोच आहे. आम्ही दुसऱ्याचं जपून ठेवायला बसलो होतो. १९३२ साली धुळ्याच्या तुरुंगात विनोबा गीतेवर बोलत आणि पालगडचे साने गुरुजी ते लिहून घेत. त्या लिहिण्यात मोठेपण होतं ते ऐकण्याच्या निष्ठेचं. मुद्रण करणाऱ्याचा धर्मही तोच.

गीतेतल्या पाचांपैकी उरलेल्या कारणांना पैसा लागत नाही, लक्ष लागतं. स्लॅबच्या सभामंडपात आवाज घुमतो, म्हणून आम्ही जांभ्या दगडाच्या जुन्या घरातलं माजघर निवडलं. पावसाळ्यात कौलांवरच्या सरींपुढे माइक हरतो, म्हणून काम दिवाळीनंतर धरलं. चार्जर लावला की वायरिंगमधून घरघर येते, म्हणून बॅटरीवर मुद्रण केलं. हे अधिष्ठान आणि ही चेष्टा. पाचवं कारण दैव. बुवांचा दम आज आहे, पुढच्या हिवाळ्यात तो किती असेल, हे कुणाच्या हातात नाही.

म्हणून ज्यांच्या वाडीत, मंडळात, घरात अशा चाली सांगणारं कुणी आहे, त्यांना माझी विनंती आहे. आधी काय जपायचं आहे ते कागदावर लिहा. त्याला लागेल तेवढंच यंत्र घ्या, पारखून घ्या, आणि चोरीचं सॉफ्टवेअर घेऊ नका. त्याहून चांगल्या यंत्रासाठी पैसे साठण्याची वाट पाहू नका. पुरेसं साधन हाताशी आलं की त्यापुढचा प्रत्येक दिवस गाणाऱ्याच्या आयुष्यातून जातो.