कपाटाची किल्ली

बी.एड. होऊन दहा-अकरा वर्षे झाली, नोकरी कायम आहे, घरात दोन लेकरे शिकताहेत. आणि अशा वयात आम्ही ग्रंथालयशास्त्राच्या पदवीसाठी नाव घातले. स्टाफरूममध्ये एकाने विचारलेच, "मियाँ, ये क्या सूझी?" आम्ही म्हणालो, "किताबों से मोहब्बत है." उत्तर झोकात दिले खरे, पण पुढे वर्षभर त्याच उत्तराने आम्हाला छळले.

आमची मोहब्बत कसली होती ते सांगतो. शाळेतल्या उर्दू पुस्तकांचे लोखंडी कपाट आमच्या ताब्यात होते. किल्ली खिशात. दर सुट्टीत पुस्तकांना ऊन दाखवायचे, कसर झटकायची, खाकी कव्हरे घालायची. नववीतल्या एका मुलीने प्रेमचंदांच्या कथांचे पुस्तक मागितले. "सर, घर लेके जाऊँ?" आम्ही म्हणालो, "यहीं बैठके पढ़ो." तिच्या घरी धाकटी भावंडे, एकच खोली, स्वयंपाक तिच्याच गळ्यात, पुस्तकाचे काय होईल? ती दोन दिवस मधल्या सुट्टीत येऊन बसली. तिसऱ्या दिवशी आली नाही. आम्हाला तेव्हा हायसे वाटले होते, हे कबूल केले पाहिजे.

आमच्या अभ्यासक्रमात रंगनाथन भेटले. हेही मूळचे मास्तरच. मद्रासच्या प्रेसिडेन्सी कॉलेजात गणित शिकवीत. १९२४ साली विद्यापीठाचे ग्रंथपाल झाले आणि थोड्याच दिवसांत त्या एकांताला कंटाळले. परत शिकवायला जाऊ द्या, म्हणू लागले. त्यांना शिकायला लंडनला धाडले गेले, तिथली गजबजलेली सार्वजनिक ग्रंथालये त्यांनी पाहिली, आणि ते जन्मभराचे ग्रंथपाल होऊन परतले. १९३१ साली त्यांनी पाच सूत्रे मांडली. पुस्तक वापरासाठी असते, हा पहिल्या सूत्राचा आशय. वाचताना वाटले, यात सांगण्यासारखे काय आहे? मग खिशातली किल्ली आठवली. पुस्तकांच्या ओढीने नव्हे, वाचणारी माणसे पाहून हा मनुष्य बदलला. आमचे बरोबर उलटे होते.

पण मग पुस्तकांवरची माया फुकटच का? तसे म्हणवत नाही. पाटण्याचे खुदाबख्श ग्रंथालय घ्या. मुहम्मद बख्श यांनी चौदाशेच्या आसपास हस्तलिखिते जमवली ती मालकाच्या हौसेनेच. जाताना त्यांनी मुलाला सांगितले की, हे लोकांसाठी खुले कर. वकिली करणाऱ्या खुदाबख्श यांनी संग्रह चार हजारांवर नेला आणि १८९१ साली दरवाजे उघडले. जमवायला आशिक लागतो. उघडायला मात्र दुसरे काही लागते, आणि त्याला आमच्याकडे शब्द आहे, अमानत. ठेव सांभाळणारा मालक नसतो.

इथेच गाठ बसते. अमानत जशी दिली तशी परत करायची असते, म्हणूनच तर आम्ही कुलूप लावत होतो! मग ही ठेव कोणाची? आज दारात उभ्या मुलीची, की पन्नास वर्षांनी येणाऱ्या वाचकाची? हस्तलिखित एकच असते. तिथे कुलपाला न्याय आहे. छापील पुस्तकाच्या प्रती असतात. आम्ही छापील पुस्तकाला हस्तलिखिताचा न्याय लावत होतो. अर्थात आमची भीती अगदीच खोटी नव्हती. उर्दू पुस्तक फाटले की दुसरी प्रत आमच्या गावात मिळत नाही. भेंडी बाजार गाठा, नाही तर दिल्लीहून मागवा. तरीही, तिच्या स्वयंपाकाची अडचण आम्ही पुस्तकाच्या बाजूने मोजली, तिच्या बाजूने नाही.

यंदा मधल्या सुट्टीत कपाट उघडे ठेवतो. नोंद पोरेच करतात. दोन पुस्तके हरवली. इब्ने सफी यांची एक कादंबरी हळदीचे डाग घेऊन परतली आणि लगेच दुसऱ्याने नेली. दाखल नोंदवहीत 'गहाळ' लिहिताना हात अजून अडखळतो.

परीक्षेत पाच सूत्रांवर प्रश्न आला होता. आम्ही तीन पाने लिहिली. ती मुलगी दहावीनंतर शाळा सोडून गेली. प्रेमचंद वरच्या खणात आहेत, कव्हरासकट, कोरे करकरीत.